उत्पादन बंद, मालक चालू

हाय-फाय स्पीकरचा मालक जन्मजात तक्रारखोर. पेट्या घरी आल्या की दुसऱ्याच दिवसापासून त्याला त्यांच्यात काहीतरी उणं दिसू लागतं. खर्ज कमी आहे, वरचे स्वर टोचतात, वायर बदलून पाहायला हवी, स्टँड वीतभर पुढे घ्यायला हवा. ही कुरकुर वर्षानुवर्षं चालते. घरच्यांना तिची इतकी सवय होते की ती थांबली तर ते रक्तदाब तपासायला लावतात. मग एके दिवशी कंपनी जाहीर करते की ही मालिका आता बंद. त्या क्षणापासून या माणसाच्या तोंडून त्या पेट्यांबद्दल एक वावगा शब्द निघत नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये ही आपली रीत खरी, पण इथे गेलेलं असतं काय? कॅटलॉगमधलं एक पान. पेट्या त्याच्या दिवाणखान्यात ठणठणीत वाजत असतात. तरी हा सुतकात.

या जातीचा अस्सल नमुना पाहायचा तर एलएस ३/५ए या ब्रिटिश पेटीचे मालक पाहावेत. नाव अर्थातच सरकारी थाटाचं आहे, कारण ते बीबीसीच्या दप्तरातून आलंय. उंची जेमतेम फूटभर, आत खालच्या सुरांसाठी पाच इंची वूफर आणि वरच्या सुरांसाठी एक छोटा ट्वीटर. ही पेटी जन्माला आली तीही एका विचित्र उद्योगातून. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बीबीसीच्या संशोधन विभागाला प्रश्न पडला, की स्टुडिओ बांधण्याआधीच तो कसा वाजेल हे ऐकता येईल का? मग त्यांनी एक अष्टमांश मापाचा स्टुडिओ केला, त्यात आठपट वेगानं संगीत वाजवलं, ते टिपलं आणि पुन्हा आठपट हळू करून ऐकलं. करदात्यांच्या पैशांतून भातुकली खेळावी ती इंग्रजांनीच. या भातुकलीत ठेवायला भातुकलीच्याच मापाचा स्पीकर हवा होता. तो केला, आणि तो अपेक्षेपेक्षा फारच बरा निघाला. त्याच सुमारास बीबीसीला बाहेरच्या कार्यक्रमांवर जाणाऱ्या मोटारींसाठी छोटे स्पीकर हवे होते. मोठ्या पेट्या त्या मोटारीत मावत नव्हत्या आणि दिवसभर हेडफोन लावून बसणं लोकांना मानवत नव्हतं. अशा रीतीनं ही पेटी गाडीत बसली.

तिचं काम एकच होतं. निवेदकाचा आवाज माणसाचा वाटतो की डब्यातला, हे मोटारीत बसलेल्या अभियंत्याला कळावं. त्यामुळे मानवी कंठ ती असा काही उभा करते की गायकानं श्वास कुठे घेतला आणि कुठे चोरला हेही ऐकू येतं. बाकी उणिवा भरपूर. खालचा खर्ज नाहीच. तो असल्याचा भास व्हावा म्हणून जरा वरच्या पट्टीत हलकासा फुगवटा ठेवलाय. वीज खाते आणि आवाज बेताचाच देते. गणपतीच्या मिरवणुकीत नेली तर शेजारच्या टाळकऱ्यालाही ऐकू जायची नाही. बीबीसीला असल्या गोष्टींची फिकीर नव्हती. त्यांना फिकीर होती ती आतल्या कोपऱ्यांत बसवायच्या लाकडी पट्ट्यांची. त्या बीचच्याच हव्यात, पराना पाइनच्या चालायच्या नाहीत, कारण आवाजात फरक पडतो. हे त्यांनी कान आणि उपकरणं लावून ठरवलं होतं. एका अर्थी ही पेटी वाजवणाऱ्यांनी नव्हे, तर चष्मा कपाळावर सरकवून मोजमाप करणाऱ्यांनी घडवलीय, आणि तिचे मालकही तसेच झाले.

पेटीतली युनिटं केईएफ या केंट परगण्यातल्या कंपनीची: बी११० हा वूफर आणि टी२७ हा ट्वीटर. बीबीसीनं पहिल्या मोजक्या पेट्या केल्या, तोवर केईएफनं युनिटांत बदल केले होते आणि अख्खी जुळणी पुन्हा करावी लागली. नावाच्या शेवटचा ‘ए’ तिथून आलाय. हे लक्षात ठेवा, कारण पुढे या पेटीचे मालक ‘मूळ रूपात काडीचाही बदल खपवून घेणार नाही’ म्हणून बाह्या सरसावणार आहेत, आणि ज्या रूपासाठी ते सरसावणार ते मूळचं नव्हतंच.

बीबीसी स्वतः दुकान काढत नसे. ती परवाना देई आणि रॉजर्स, स्पेंडॉर, हारबेथ अशा कंपन्या पेट्या बनवत. यातल्या दोन नावांची कुळकथा सांगण्याजोगी आहे. स्पेन्सर ह्यूज हे बीबीसीचे अभियंते. त्यांच्या पत्नी डोरोथी. दोघांची नावं जोडून झालं स्पेंडॉर. डडली हारवुड हेही बीबीसीचे, या पेटीच्या जन्मदात्यांपैकी एक. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ, म्हणून कंपनी हारबेथ. दिवाणखान्यात पेट्या ठेवायला घरून परवानगी मिळवण्याचा याहून पक्का मार्ग जगात कुणाला सापडलेला नाही. कारखान्याच्या पाटीवर अर्धं नाव बायकोचं असेल, तर ती ‘ही अडगळ कधी हलणार?’ असं कोणत्या तोंडानं विचारणार?

१९८७ मध्ये केईएफचा वूफर आणि दोन्ही युनिटांत सूर वाटून देणारं आतलं क्रॉसओव्हर सर्किट सुधारण्यात आलं. एक जोडी दुसऱ्या जोडीसारखी निघावी, एवढाच त्यामागचा सरळ हेतू. पण त्या भानगडीत पेटीचा विद्युत-रोध १५ ओमवरून ११ ओमवर आला आणि मालकांची घराणी पडली. किराणा आणि जयपूरवाले निदान एकमेकांच्या मैफलीला जाऊन मागच्या रांगेत नाक मुरडत बसतात. १५ ओमवाला ११ ओमवाल्याच्या घरचा चहासुद्धा संशयानं पितो. १५ वाले म्हणतात, गळ्यातली माया आमच्याकडेच. ११ वाले म्हणतात, माया नव्हे, नाकातला आवाज म्हणा. १५ वाल्यांतही पोटजाती आहेत. पुढच्या जाळीवर सोनेरी बिल्ला असलेले स्वतःला कुलीन समजतात, काळ्या बिल्ल्याचे मग ओघानंच खालचे. वूफरच्या मागच्या बाजूला पांढरी झाक असलेल्या सुरुवातीच्या काही पेट्या तर देवघरातच ठेवायच्या. त्यांचा शोध घेणारे आशियातले शौकीन पेटी विकत घेण्याआधी ती उघडून तिचं पोट पाहतात. गाणं कोणतं लावून पाहू, असं विचारण्याची पद्धत नाही.

आणि १९९८ मध्ये केईएफनं ही युनिटं बनवणं थांबवलं. युनिट नाही म्हणजे पेटी नाही. विषय संपला.

म्हणजे कंपन्यांच्या लेखी संपला. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांच्या घरी तो तिथून सुरू झाला. डॉक्टर कान-नाक-घशाचे. तरुणपणी काही वर्षं इंग्लंडच्या सरकारी इस्पितळात होते. परत येताना सहकाऱ्यांनी फ्रीज आणले, डिनर सेट आणले. डॉक्टरांनी स्वेटरांत गुंडाळून रॉजर्सची जोडी आणली, आणि जागा करायला उरलेले स्वेटर विमानात अंगावर चढवून आणले. त्या पेट्यांवर त्यांनी पुढची दहा-पंधरा वर्षं मल्लिकार्जुन मन्सूर ऐकले आणि त्याच दहा-पंधरा वर्षांत त्या पेट्यांना भरपूर नावं ठेवली. तबल्याचा डग्गा कुठे गेला, म्हणून ते पेटीच्या मागे जाऊन पाहत. ‘इंग्रजांनी तबला ऐकलाच नाही, त्याला काय करणार!’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बातमी आली तेव्हा त्यांचा मला फोन. ‘कळलं का? गेली.’ मी ‘कोण?’ म्हणेपर्यंत मागून वहिनींचा आवाज, ‘भावजी, कुणी गेलेलं नाही. पेट्या आहेत. चहाला या.’

गेलो. डॉक्टर खुर्चीत बसून पेट्यांकडे बघत होते. ‘असा डग्गा आता होणे नाही,’ म्हणाले. मी जुन्या वाक्याची आठवण करून दिली, तर माझ्या कानात मळ आहे का ते तपासायला टॉर्च काढू लागले.

त्यानंतरच्या घडामोडी या पंथात जगभर थोड्याफार फरकानं अशाच घडल्या असाव्यात. आधी निषेधाचं पत्र. केंटला. अगदी इस्पितळी इंग्रजीत, ‘रुग्णाची प्रकृती उत्तम असताना उपचार थांबवण्याचं कारण समजत नाही’ वगैरे. मग साठेबाजी. लंडनहून येणाऱ्या प्रत्येकाकडे एक चिठ्ठी: शक्यतो १५ ओम, सलग क्रमांकाची जोडी, जाळीचं कापड मूळचं. एका भाच्याला ती सापडली. ती भारतात आली आणि थेट गोदरेजच्या कपाटात गेली. ती वाजवायची नाही, कारण ती राखीव. पुढे नुसते वूफर आले. तेही राखीव. राखीव वूफर चांगले आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी ते वाजवून बघावेत, असं मी सुचवलं. डॉक्टर म्हणाले, ‘पॅराशूट उघडतंय का हे घरात बघतात का?’ मग एक दिवस मूळ जोडीही कमी वाजू लागली. झीज होते म्हणे. चार पेट्या, सहा वूफर आणि घरात शांतता. वहिनी स्वयंपाकघरात मोबाइलवर मन्सूर लावतात आणि डॉक्टर पाणी प्यायच्या निमित्तानं तिथे जाऊन उभे राहतात.

एकदा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात ते एक वूफर घेऊन गेले. कॉइल जरा खरखरतेय असा संशय होता. कारागीर पोरगा चुणचुणीत. बोटांनी कोन दाबून पाहिला आणि म्हणाला, ‘काका, कोन जुना झाला. नवा टाकून देतो, डबल बेस मारेल. संध्याकाळी घेऊन जा.’ डॉक्टरांनी तो वूफर छातीशी धरला आणि रिक्षा न करता चालत घरी आले. घरी आल्यावर शस्त्रक्रियेसाठी वापरायचा छोटा आरसा आणि दिवा काढून त्यांनी चारही पेट्यांच्या पोटातल्या लाकडी पट्ट्या तपासल्या. बीच निघालं. त्या रात्री त्यांना झोप लागली.

हे दुःख आहे, हे मला मान्य. पण त्याला एक सुखाची झालर आहे आणि ती कुणी मालक कबूल करत नाही. मालिका चालू असते तोवर त्याच्या मनात खरी धास्ती असते ती नव्या मॉडेलची. आपण घेऊन वर्ष होत नाही तोच ‘मार्क टू’ येणार, त्यात ट्वीटर नवा असणार आणि शेजारच्यानं तो घेतलेला असणार. उत्पादन बंद झालं की ही टांगती तलवार गेली. आता आपल्याजवळ आहे तेच अखेरचं आणि म्हणून सर्वोत्तम. शिवाय जुन्या जोडीची किंमत चढायला लागते. जी खरेदी काल उधळपट्टी होती तिला आज ‘गुंतवणूक’ म्हणता येतं. डॉक्टरांनी तसं म्हणून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, ‘मग विका.’ त्यानंतर घरात हा शब्द कुणी काढलेला नाही.

प्रत्येक पेटीचं सुतक निराळं. यामाहाच्या एनएस-१० चं सर्वांत मजेशीर. १९७८ मध्ये ही पेटी घरगुती श्रोत्यांसाठी म्हणून आली आणि घरगुती श्रोत्यांनी ती नाकारली. आवाज कर्कश. पांढऱ्या कोनाची ही काळी पेटी मग रेकॉर्डिंग स्टुडिओवाल्यांनी उचलली आणि जगातल्या बहुतेक मिक्सिंग टेबलांवर ती आडवी झाली. म्हणत असत की हिच्यावर जे बरं वाजेल ते कुठेही बरं वाजेल. ध्वनिमुद्रक तिला दिवसभर शिव्या देत आणि तिच्यावरच काम करत. ट्वीटर फार टोचतो म्हणून त्यावर टिशू पेपर चिकटवायची चाल पडली. अमेरिकेतल्या बॉब क्लिअरमाउंटन या नामांकित ध्वनिमुद्रकाचं नाव त्या चालीशी जोडलं गेलंय. पुढे कोणता कागद लावला तर आवाज किती बदलतो, याची रीतसर मोजमापं झाली आणि व्यावसायिक मासिकात लेखही आला. प्रसाधनगृहातल्या कागदाला ध्वनिशास्त्रात एवढा मान ना आधी मिळाला होता, ना नंतर मिळाला. २००१ मध्ये यामाहानं एनएस-१० बंद केली. कारण काय, तर कोन ज्या कागदी लगद्यापासून बनायचा तो मिळेनासा झाला. आणि मग ज्यांनी वीस वर्षं ‘काय भिकार पेटी आहे’ म्हटलं होतं तेच जुने वूफर गोळा करत हिंडू लागले. सासूच्या माघारी तिच्या हातच्या आमटीची आठवण काढणाऱ्या सुना मी पाहिल्यात; त्यांनी निदान सासू हयात असताना तिच्या तोंडावर कागद चिकटवला नव्हता.

बोस कंपनीच्या ९०१ ची तऱ्हा आणखी वेगळी. संस्थापक अमर बोस हे अमेरिकेत जन्मलेले, एमआयटीत शिकवणारे. वडील ब्रिटिशांचा ससेमिरा चुकवून कलकत्त्याहून तिकडे गेलेले क्रांतिकारक. मुलाच्या अंगातही बंड होतंच. १९६८ मध्ये त्यांनी अशी पेटी काढली की तिच्यात नऊ स्पीकर आणि त्यातले आठ भिंतीकडे तोंड करून बसलेले. सभागृहात आवाज बहुतांशी भिंतींवरून परतून येतो, मग घरात का नको, हा युक्तिवाद. एका ग्राहक मासिकानं १९७० मध्ये लिहिलं की या पेट्यांवर वाद्यं खोलीभर भटकतात. बोस कंपनी कोर्टात गेली. वाद्यं खोलीभर भटकतात की भिंतीच्या कडेकडेनं, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि १९८४ मध्ये बोस कंपनी हरली. पेटी मात्र त्यानंतरही तीन दशकं विकली जात होती. ती बंद झाल्यावर मालकांपुढे उभा राहिला तो प्रश्न डब्याचा. ९०१ ला सुरांचा तोल सावरणारा इक्वलायझर नावाचा स्वतःचा एक डबा लागतो. तो नसला तर नऊच्या नऊ स्पीकर बसक्या आवाजात बोलतात. जुनी जोडी विकणाऱ्याची पोरं पेट्या बाहेर काढतात आणि तो डबा ‘केबलवाल्याचा असेल’ म्हणून भंगारात देतात. अशा अनाथ पेट्या घेऊन नुसत्या डब्यासाठी वणवण करणारी माणसं पाहिली की वाटतं, वाद्यं नाही भटकली, तरी मालक मात्र भटकले.

आता एलएस ३/५ए च्या मालकांवर कोसळलेल्या खऱ्या संकटाकडे येतो. पेटी बंद झाली हे ते नव्हे. ते दुःख त्यांनी पचवलं होतं, कपाटात रचलं होतं, त्याला फडक्यानं पुसत होते. संकट हे की पेटी पुन्हा सुरू झाली.

आधी स्टर्लिंग ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीनं नवी युनिटं घेऊन बीबीसीच्या परवान्यानं ती काढली. तिची जुळणी केली डेरेक ह्यूज यांनी, म्हणजे त्या स्पेन्सर आणि डोरोथीच्या चिरंजीवांनी. घराण्याचा वारस म्हटल्यावर बोलायला जागा नको. पण पंथानं युनिटांकडे बोट दाखवलं. ही केईएफची नव्हेत. मग माल्कम जोन्स पुढे आले. हे केईएफमध्ये अगदी सुरुवातीला लागलेले अभियंते. बी११० आणि टी२७ यांच्याच हातची. त्यांनी स्थापलेल्या फाल्कन कंपनीनं दोन्ही युनिटं जुन्या बरहुकूम नव्यानं घडवली आणि १५ ओमची पेटी बाजारात आणली. मूळ घडवणारा माणूस, मूळ रचना, बीबीसीचा परवाना, ओमसुद्धा मनासारखे. आणखी काय हवं?

डॉक्टर आठवडाभर कुणाशी नीट बोलले नाहीत. मी विचारलं, ‘ऐकलीत का नवी?’ म्हणाले, ‘ऐकायची कशाला? कळतंय की.’ काय कळतंय, ते सांगेनात. वहिनींनी हळूच सांगितलं, मुंबईत एका स्नेह्यांकडे जाऊन ऐकून आलेत. तिथे पडद्याआड दोन्ही जोड्या ठेवून आलटून पालटून गाणं लावलं होतं आणि डॉक्टरांनी मोठ्या विश्वासानं एकीला ‘ही माझी’ म्हटलं. ती नवी होती. परतीच्या गाडीत त्यांनी खिडकीबाहेर बघत एवढंच विधान केलं की स्नेह्यांच्या खोलीत पडदे फार जाड आहेत.

आज ही बंद पडलेली पेटी एकाहून अधिक कंपन्या बनवतात. रॉजर्सचं नाव परत आलंय, फाल्कन आहे, ग्रॅहम आहे. सोनेरी बिल्लाही मिळतो. तेव्हा ज्याला गाणं ऐकायचंय त्यानं दुकानात जावं, पैसे मोजावेत आणि घरी आणून लावावं. आणि तुमच्या माळ्यावर आजोबांची एखादी जुनी जोडी निघाली, सलग क्रमांकाची, १५ ओमची, आत बीचच्या पट्ट्या असलेली, तर ज्याला हवी त्याला खुशाल विका. फक्त आमच्या डॉक्टरांना कळवू नका. गोदरेजचं दुसरं कपाट वहिनींनी कालच साड्यांनी भरलंय आणि किल्ली त्यांच्या कमरेला आहे.